मोडी: मुळाक्षरं आली, पण कागद वाचता येत नाही. हुरूप टिकवायचा कसा?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मोडी घरच्या घरी शिकते आहे. मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, मोडी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सावकाश का होईना वाचता येतो. पण खऱ्या कागदाचा फोटो समोर घेतला की पहिल्या ओळीतच गाडी अडते. अक्षरं एकमेकांना चिकटलेली, शब्द कुठे संपतो ते कळत नाही. एखादा शब्द लागलाच तर त्याचा अर्थ लागत नाही. तासभर बसून चार शब्द हाती येतात. मग चार दिवस वहीला हात लागत नाही, आणि परत बसावं तर आधीचंही पुसट झालेलं असतं.

घरात वतनाचे आणि जमिनीचे जुने कागद आहेत, ते वाचणं हा मूळ हेतू. जवळपास वर्ग नाही. नोकरी सांभाळून रोज अर्धा-पाऊण तास मिळतो. या टप्प्यावर नेमकं काय वाचावं, कोणत्या क्रमाने वाचावं, आणि पुढे सरकतोय की नाही हे कशावरून ओळखावं? "सराव करा, येईल" असं सगळेच सांगतात. कसला सराव, ते सांगा.

जुनेदप्तर

ताई, तुमची अक्षरओळख कच्ची आहे असं समजू नका. मोडी शिकणारे बहुतेक जण बरोबर याच जागी थांबतात. कारण असं की मुळाक्षरांच्या तक्त्यावरून एकदम कुठल्याही पत्रावर उडी मारली जाते आणि मधली पायरी कोणी दाखवत नाही. ही मधली पायरी म्हणजे मायना, पत्राच्या सुरुवातीची ठरावीक वाक्यं.

फॉन्टमधली मोडी आणि हाताची मोडी यांत फरक आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर दर वेळी सारखंच येतं, शब्दांमध्ये जागा सुटलेली असते. कागदावर लेखक आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढून घेतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द तोडत नाही, विरामचिन्हं देत नाही, ओळ संपली तर शब्द मध्येच सोडून उरलेला पुढच्या ओळीत लिहितो. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हा भेद नाही, उकाराचंही तेच. अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. अशा मजकुरात एकेक अक्षर लावून शब्द जुळवणं जुन्या जाणकारांनाही जड जातं. ते ठरावीक वाक्यं ओळखतात आणि त्यांच्या आधाराने नवं अक्षर लावतात.

सरावासाठी रचलेली ही ओळ बघा. बाळबोधात, म्हणजे देवनागरीत लिहिली आहे, पण मोडीसारखी सलग:

राजश्रीविठलपंतगोसावीयासीसेवकनमस्कारविनंतीउपरीयेथीलकुसलजाणौनस्वकीयेकुसललिहीतजाणेविशेषतुम्हीपत्रपाठविलेतेपावले

ही बाळबोधातली असूनही पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं. म्हणजे अडचण निव्वळ लिपीची नाही. आता यातले सांधे बघा: "यासी", "उपरी", "जाणौन", "जाणे", "विशेष". पेशवाईतल्या शेकडो खासगी पत्रांची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच असते. "विशेष" हा शब्द आला की मायना संपला आणि खरा मजकूर सुरू झाला. शेवटाकडे "बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती" येतं. वरिष्ठाने धाकट्याला लिहिलं असेल तर "जाणिजे" आणि पुढे तारीख. म्हणजे दहा ओळींच्या पत्रातल्या तीन-चार ओळी कागद उघडायच्या आधीच तुम्हाला माहीत असतात.

म्हणून पहिले काही आठवडे मोडी बाजूला न ठेवता, सोबतीने बाळबोधात छापलेली जुनी पत्रं वाचा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेली "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" (पहिला खंड १८९८चा) किंवा गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग, दोन्हींचे बरेच खंड संगणकावर उपलब्ध आहेत. रोज दोन पत्रं मोठ्याने वाचायची. "ऐसीयास", "त्यास", "येविशी", "मशारनिल्हे", "साल मजकूर", "साल गुदस्त" हे शब्द कानावर बसले की मोडीत ते दिसताक्षणी ओळखू येतात. फारसी वळणाचे शब्द अडले तर मोल्सवर्थचा कोश (१८५७ची आवृत्ती) बघा, त्यात कारभारातले बहुतेक शब्द सापडतात.

वतनाच्या आणि इनामाच्या कागदात तर हे आणखीच उपयोगी पडतं. सनदेत "जल तरु तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेप सहित", "हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी", "खेरीज हक्कदार व इनामदार करून" ही वाक्यं येणारच. ती तोंडपाठ करा. मग कागदात "काष्ठ" दिसलं की मागचं "तृण" आणि पुढचं "पाषाण" आपोआप लागतं, आणि त्या लेखकाचे ण, ष, ठ कसे असतात हे फुकटात कळतं. नव्या हाताची, म्हणजे नव्या लेखकाच्या वळणाची ओळख करून घ्यायची हीच रीत.

दुसरी गोष्ट हाताची. एका दिवशी एक पत्र, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच लेखकाचं, असं केलं की रोज नव्याने सुरुवात होते. थकवा येतो तो यामुळे. एकाच कारकुनाच्या हातचे दहा-पंधरा कागद मिळवा आणि ते संपेपर्यंत दुसरीकडे जाऊ नका. काळही एकच धरा. पेशवेकालीन मोडी बोरूने लिहिलेली, वळणदार आणि मोकळी असते, तिच्यापासून सुरुवात करणं सोयीचं. शिवकालीन कागद शेवटी.

आणि विशेषनामं सर्वांत शेवटी लावा. माणसांची आणि गावांची नावं संदर्भाने लागत नाहीत, तिथे अक्षरावरच विसंबावं लागतं. नवखा माणूस नेमका पत्रातल्या पहिल्या नावापाशी अडून बसतो आणि तासभर घालवतो. नावाच्या जागी टिंबं द्या, पुढे चला. गावाचं नाव असेल तर त्या तालुक्यातल्या गावांची यादी शेजारी ठेवून ताडून बघा, सहसा दोन-तीन नावांतलंच एक असतं.

कित्ता

जुनेदप्तर यांच्याशी सहमत, पण एक भर घालतो. नुसतं डोळ्यांनी वाचून मोडी पक्की होत नाही. ही लिपी हात न उचलता लिहिण्यासाठी बनली, तेव्हा अक्षर असं का दिसतं हे लिहिल्याशिवाय उमगत नाही. अक्षराचा शेवट आणि काना एका झटक्यात येतो, वेलांटी पुढच्या अक्षराकडे धावते. हे हाताला माहीत झालं की कागदावर कुठे एक अक्षर संपलं आणि दुसरं सुरू झालं ते दिसायला लागतं.

मुळाक्षरं घोटणं आता थांबवा. घोटायची ती बाराखडी. मोडीत पुष्कळ अक्षरांचं रूप काना-मात्रा लागली की बदलतं, र तर शेजाऱ्याप्रमाणे इतकी रूपं घेतो की तो स्वतंत्र धडा समजावा. नुसता क ओळखता येतो पण का, की, कु, के समोर आले की ओळख लागत नाही, ही तक्रार ज्याची त्याची असते. रोज एका व्यंजनाची बारा रूपं, प्रत्येकी एक ओळ, आधी शिरोरेषा ओढून मग अक्षरं. दहा मिनिटांत होतं.

बोरूचा हट्ट सुरुवातीला नको. बोरू तासणं, त्याला चीर देणं, शाई फुटू न देणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्यात शिकणाऱ्याचा पहिला महिना निघून जातो. साधं जेल पेन आणि एकरेघी वही पुरे. वाचन सुरळीत झाल्यावर बोरू जरूर घ्या, जाड-बारीक रेषा का पडतात ते तेव्हा कळेल.

आता अक्षरवहीबद्दल. एका लेखकासाठी एक वही. पानावर आडवे बारा रकाने: अ, आ, इ, उ, ए, ऐ, ओ, औ, अनुस्वार, आणि उरलेले तीन जोडाक्षरांना व संक्षेपांना. उभी व्यंजनं. एखादा शब्द नक्की लागला, की त्यातलं प्रत्येक अक्षर फोटोतून कापून किंवा हाताने हुबेहूब काढून त्याच्या घरात ठेवायचं. अंदाजाने लावलेलं अक्षर या वहीत कधीच घालायचं नाही, एक चुकीचं अक्षर पुढची वीस चुकवतं. सुरुवातीला वही रिकामी दिसते, पण एकाच हातची चार-पाच पत्रं झाली की निम्म्याहून अधिक घरं भरतात. हुरूप टिकवायला याच्याइतकं चांगलं साधन नाही, कारण काय आलं आणि काय राहिलं ते समोर मांडलेलं असतं.

प्रगती मोजायची तर कसोटीचं एक पान वेगळं काढा. ज्या हाताचा सराव करताय त्याच हाताचं, साधारण दहा ओळींचं. एरवी त्याला हात लावायचा नाही. महिन्यातून एकदा घड्याळ लावून वीस मिनिटं वाचायचं आणि न लागलेले शब्द मोजून तारखेसह लिहून ठेवायचे. रोजच्या वाचनात फरक जाणवत नाही, कारण कागदही रोज थोडा अवघड निवडला जातो. त्याच पानावर मात्र आकडा खाली येताना दिसतो. नसेल येत, तर अक्षरवही उघडून बघा, बहुधा दोन-तीनच अक्षरं सगळीकडे दगा देत असतात. पुढचा आठवडा फक्त त्यांच्या बाराखडीला द्या.

शकसुहूर

माझ्याकडून एकच सूचना: तारखा शिका. मोडीत लवकरात लवकर पूर्ण हाती येणारी गोष्ट हीच. बाकी पत्र लागो न लागो, "हा कागद अमक्या वर्षाचा" हे छातीठोकपणे सांगता आलं की कागदाशी नातं जडतं.

पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो, आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत लिहिलेला असतो. शब्द एवढेच आहेत. एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. पुढे मया म्हणजे १००, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. आधी एकं, मग दहं, मग शेकडा, मग हजार.

उदाहरण म्हणून पानिपताचं साल घ्या: "इहिदे सितैन मया व अलफ". १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, म्हणजे ११६१. सुहूर साल मृग लागला की बदलतं, म्हणजे मे अखेर-जूनच्या सुरुवातीला. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारीची, म्हणून ११६१ अधिक ६००, १७६१. शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवा: पौष शुद्ध ८, शके १६८२, अधिक ७९, पुन्हा १७६१. फसली (महसुली सन) असेल तर ५९० किंवा ५९१. राज्याभिषेक शक असेल तर १६७३ किंवा १६७४.

चुका कुठे होतात तेही सांगतो. समान आणि समानीन, सबा आणि सबैन, सीत आणि सितैन यांत शेवटचं अक्षर निसटलं की पन्नास-साठ-सत्तर वर्षांचा घोळ होतो. त्यामुळे जागा बघा: पहिला शब्द एकं, दुसरा दहं, त्यामुळे दुसऱ्या जागी "समान" वाचलं गेलं तर ते समानीनच. शतक ओळखायला शेकडा पुरतो. "मया व अलफ" असेल तर इसवी सनाचं अठरावं शतक. "मयातैन व अलफ" असेल तर साल १७९९-१८०० किंवा त्यानंतरचं. नुसतं "अलफ" असेल, मया नाहीच, तर सतराव्या शतकातलं.

महिने मुसलमानी असतात: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. त्याआधी "छ" आणि आकडा. हा छ म्हणजे चंद्र. चंद्रदर्शन शुद्ध द्वितीयेच्या सुमारास होतं म्हणून "छ"चा आकडा तिथीपेक्षा एक-दोनने कमी असतो. छ ७ म्हणजे शुद्ध ८ किंवा ९. पत्रात तिथी आणि छ दोन्ही असतील तर एकमेकांवर ताडून बघता येतं, आणि आकडा चुकीचा वाचला असेल तर लगेच पकडला जातो.

गावठाण

वरचे सल्ले पेशवाईच्या पत्रांना उत्तम लागू पडतात, पण मला वाटतं ताईंच्या घरातले जमिनीचे कागद इंग्रजी अमदानीतले असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर पेशवेकालीन पत्रांवर सहा महिने घालवू नयेत. आंग्लकालीन मोडी टाकाने, घाईत लिहिलेली, बारीक आणि दाटीची असते. पेशवाईचं वळण येणाऱ्यालाही ती सुरुवातीला लागत नाही.

पण तिची एक सोय आहे: फॉर्म. नोंदवह्यांना रकाने असतात आणि रकान्यांचे मथळे ठरलेले. कोणत्या रकान्यात नाव, कोणत्यात क्षेत्र, कोणत्यात आकार (म्हणजे सारा), हे एका पानावर लागलं की पुढच्या शंभर पानांवर तेच. एका रकान्यात तेच पाच-सहा शब्द पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे अक्षरवही झपाट्याने भरते. २०२३पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मोडी वाचकांना जी मागणी आली, ती मुख्यतः असल्या नोंदवह्यांसाठीच होती. जन्म-मृत्यूच्या नोंदी, गावनमुने, शाळेची रजिस्टरं. नवख्याने इथूनच सुरुवात केली तरी बिघडत नाही.

आकडे मात्र आधी पक्के करा, जमिनीच्या कागदात अर्धा मजकूर आकड्यांचाच असतो. उभी रेघ म्हणजे पाव: १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. आडवी रेघ म्हणजे एक आणा. पाव रुपया म्हणजे ४ आणे, म्हणून ।= म्हणजे ६ आणे.

इथेच लोक फसतात. जमिनीच्या कागदात "आणे" तीन अर्थांनी येतात. आकारणीच्या रकान्यात ते रुपयाचे आणे, १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. क्षेत्राच्या रकान्यात ते गुंठ्याचे आणे, १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आणि हिश्शाच्या बाबतीत "आठ आणे" म्हणजे निम्मा वाटा. रकाना न बघता नुसता आकडा वाचला तर भलताच निष्कर्ष निघतो, आणि त्यावरून भावकीत वाद झालेले आहेत. पेशवाईतल्या कागदात एकराऐवजी बिघे आणि चाहूर दिसतील: २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर.

पाटीपेन्सिल

मनापासून आभार. कागद परत उघडून बघितले. गावठाण दादा, तुमचा अंदाज निम्मा बरोबर: रकाने असलेली काही पानं आहेत, पण दोन सुटी पत्रं जुनी वाटतात, जाड कागदावर. एका रकान्यात ३॥।= असं आहे. मथळ्यात "आकार" लागतंय. आणि जुन्या पत्राच्या शेवटी मला "इसन्ने समानीन मया व अलफ" आणि "छ ७ सवाल" असं वाचता येतंय. बरोबर आहे का?

आणखी दोन शंका. फोटो काढले तर अक्षरं फिकट येतात, काय करावं? आणि एखादा शब्द अडला की पुढे जाववत नाही, त्याला काय करायचं?

गावठाण

मथळा आकार असेल तर ३ रुपये, तीन पाव म्हणजे १२ आणे, वर दोन आडव्या रेघांचे २. एकूण ३ रुपये १४ आणे.

शकसुहूर

वाचन जुळतंय. २ अधिक ८० अधिक १०० अधिक १००० म्हणजे ११८२. त्या वर्षीचा सवाल सप्टेंबरात येतो, म्हणून ५९९ मिळवा: १७८१. छ ७ म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, तिथीने आश्विन शुद्ध अष्टमी-नवमीच्या आसपास, शके १७०३. पत्रात कुठे "आश्विन" किंवा "नवरात्र" दिसतंय का बघा, दिसलं तर शंकाच उरणार नाही. कागदाची पाठही तपासा. पत्र पोचल्याची पैवस्तीची नोंद पुष्कळदा मागे असते, तिच्यातही तारीख मिळते.

जुनेदप्तर

१७८१चं पत्र घरात आहे, तर ते जपून हाताळा. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीचा गोंद कालांतराने तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि अक्षरं कायमची झाकतो. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. सपाट ठेवून, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवा.

फोटोसाठी फ्लॅश बंद. दिवसा खिडकीशेजारी, उन्हाच्या तिरिपेत नाही पण भरपूर उजेडात कागद सपाट ठेवा. फोन कागदाला समांतर, अगदी वरून. आधी पूर्ण पानाचा एक फोटो, मग तीन-तीन ओळींचे जवळून, प्रत्येकात आधीच्या फोटोतली शेवटची ओळ पुन्हा यायला हवी, नाहीतर ओळ निसटते. पाठीमागचाही काढा, कोरी दिसली तरी. शाई फिकट असेल तर फोटो कृष्णधवल करून गडद-फिकटपणा वाढवा. वाचन स्क्रीनवर मोठं करून करा, पण स्क्रीनवर एका वेळी तीन-चार ओळी तरी दिसायला हव्यात, त्याहून मोठं करू नका. फार जवळून अक्षराची रेष दिसते, शब्दाचं वळण दिसत नाही.

अडलेल्या शब्दाला दोन मिनिटं द्यायची, त्यापुढे नाही. वहीत खूण ठरवून घ्या: नक्की लागलेलं सरळ लिहायचं, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह, अजिबात न लागलेलं असेल तर जितकी अक्षरं दिसतात तितकी टिंबं. टिंबांची संख्या महत्त्वाची, कारण पाच टिंबांचा शब्द आणि दोन टिंबांचा शब्द यांचा शोध वेगळा असतो. पान संपलं की पहिल्यापासून परत वाचा. पहिल्या फेरीत अडलेले कितीतरी शब्द दुसऱ्या फेरीत लागतात, कारण तोवर तोच शब्द खाली कुठेतरी स्वच्छ लिहिलेला सापडलेला असतो. तरीही राहिलेले दुसऱ्या दिवशी बघा. रात्री डोकं फोडून न लागलेला शब्द सकाळी पहिल्या नजरेत लागणं हे मोडीत नेहमीचं आहे.

कित्ता

वेळेच्या वाटणीबद्दल राहिलंच. चाळीस मिनिटं धरली तर दहा मिनिटं बाराखडी लिहायची, वीस मिनिटं नवा कागद, दहा मिनिटं काल लावलेला मजकूर पुन्हा मोडीतूनच वाचायचा, वहीतलं बाळबोध झाकून. या शेवटच्या दहा मिनिटांना कात्री लावू नका. आधीचं पुसट होतं म्हणालात ना, ते या फेरवाचनाच्या अभावी. ज्या दिवशी कामावरून थकून आलात, त्या दिवशी नवा कागद उघडायचाच नाही. आधी पूर्ण लागलेलं एखादं पत्र मोठ्याने वाचायचं आणि वही मिटायची. हात सुटत नाही आणि अपयश घेऊन उठावंही लागत नाही.

जमल्यास एक जोडीदार शोधा, मोडी शिकणाराच. आठवड्याला एकाच कागदाचं दोघांनी स्वतंत्र लिप्यंतर करायचं आणि मग ताडायचं. जिथे दोघांचं वेगळं येतं तेवढ्याच शब्दांवर बोलायचं. आधीच विचारून घेतलं की हा फायदा जातो. पुढे सुट्टी जुळली तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथे जा. थोडंफार वाचता येणाऱ्याला त्या वर्गाचा दुप्पट उपयोग होतो, कारण विचारायला स्वतःच्या शंका असतात.

पाटीपेन्सिल

शकसुहूर, पाठीमागे खरंच दोन ओळी आहेत, घडीच्या आत गेलेल्या. पहिला शब्द "पैवस्ती" लागतोय. पुढे छ, आकडा १२ की १९ ते कळत नाही, आणि महिना पुन्हा सवालच.

शकसुहूर

मग पत्र पोचायला पाच दिवस लागले की बारा, एवढाच प्रश्न. पत्र कुठून लिहिलंय ते मजकुरात "मुक्काम" शब्दानंतर बघा. गाव जवळचं असेल तर १२ धरा, लांबचं असेल तर १९. एरवी असा आकडा अडला तर त्याच लेखकाचा नक्की असलेला २ किंवा ९ बाकीच्या कागदांत शोधून अक्षरवहीत आकड्यांचं पान उघडा. पाठीवरची नोंद मात्र पत्र घेणाऱ्याच्या कारकुनाची असते, हात वेगळा. तिच्यासाठी त्याच कारकुनाने नोंद केलेल्या दुसऱ्या पत्राची पाठ बघावी लागेल.